आवाज न मिळाल्याची उपकारस्तुती

गेल्या तीस वर्षांत पनवेलच्या एसटी स्टँडवर ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांना कुमुद आढाव माहीत आहे. चेहऱ्याने नव्हे. चेहरा चौकशीच्या खिडकीमागे असायचा आणि खिडकीसमोर कायम दहा डोकी. माहीत आहे ती आवाजाने. "पनवेलहून उरणला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे," हे वाक्य ती अशी म्हणायची की उरणला काम नसलेल्या माणसालाही गाडीत बसावंसं वाटावं. लोखंडी कर्ण्यातून येऊनही तो आवाज गोड लागायचा. त्या कर्ण्यातून दुसऱ्या कुणाचा आवाज गोड लागलेला मी ऐकला नाही.

निवृत्त होऊन तिला सहा वर्षं झाली. सुकापूरला दुसऱ्या मजल्यावर ती आणि तिचा नवरा सुशांत राहतात. सुशांतराव कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर होते. माणूस अत्यंत सज्जन आणि अत्यंत गप्प. तबला वाजवतात. बोलायचं काम त्यांनी लग्न झालं त्या दिवशीच कुमुदकडे सोपवलं असावं.

आमच्या चर्चमध्ये गीत उचलायचं काम तिचं होतं. पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगायचे, सुशांतराव तबल्यावर दोन थापा मारायचे आणि कुमुद पहिली ओळ उचलायची. तिच्या मागून आम्ही सत्तर-ऐंशी माणसं जायचो. आमच्यातल्या निम्म्यांना सूर कशाशी खातात ते माहीत नाही, मी त्यात धरून. पण तिच्या मागून गेलं की सगळेच बरे गायचे. रस्ता तिने दाखवायचा, आपण फक्त चालायचं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ आली. गाठ साधी निघाली, पण बसली होती नेमकी आवाजाच्या नसेला चिकटून. काढली नाही तर श्वासनळी दाबेल आणि काढली तर नस जाऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. गाठ गेली आणि नसही गेली. फाटक्या भात्याची पेटी वाजवावी तसा आवाज उरला. त्यात हवाच जास्त. डॉक्टर म्हणाल्या, वर्षभर थांबू, काहींची नस पुन्हा जागी होते, वर्षाने दुर्बीण घालून बघू, तेव्हा जे दिसेल ते कायमचं.

मग ते वर्ष आम्ही प्रार्थना केली. दर बुधवारी दुपारी चारला आम्हा बायकांची सभा कुमुदच्या घरी भरायची. माझी प्रार्थना तारेसारखी असते. मजकूर, विनंती, आमेन. बाकीच्या बायकांना एवढ्यात समाधान होत नाही. एकेक जण अशी प्रार्थना करायची की देवाला शरीरशास्त्राचा तास चालू आहे असं वाटावं. कुमुद मात्र शेवटी दोनच वाक्यं बोलायची आणि ती ऐकायला आम्हाला पुढे वाकावं लागायचं. "बापा, माझा आवाज मला परत दे. तुझ्यासाठीच वापरते ना मी तो."

सल्ल्यांना तर तोटा नव्हता. ज्येष्ठमध झालं, मध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. कळंबोलीहून येणाऱ्या एक बाई आहेत. नाव देत नाही, त्या हे वाचतील आणि वाचलेलं बरं. त्यांनी कुमुदला तोंडावर सांगितलं, "कुमुदताई, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय. पूर्ण विश्वास असेल तर मिळतंच."

आता मी तिच्या जागी असते तर त्या बाईंना तिथल्या तिथे दार दाखवलं असतं. कुमुदने चहा दाखवला. पण ते वाक्य तिच्या मनात रुतलं. नाहीतर पुढचा वेडेपणा तिने केला नसता.

आमच्यात उपकारस्तुती असते. नोकरी लागली, घर झालं, पोर पास झालं, माणूस दुखण्यातून उठलं की मंडळींना घरी बोलावायचं, देवाचे आभार मानायचे, काय काय घडलं त्याची साक्ष द्यायची, गाणी म्हणायची आणि सगळ्यांना जेवू घालायचं. क्रम सरळ आहे. आधी देव देतो, मग आपण आभार मानतो. कुमुदने क्रम उलटा केला. डॉक्टरांची तारीख होती मंगळवारची. तिने त्याच आठवड्यातल्या शनिवारची उपकारस्तुती ठरवून टाकली आणि सगळ्यांच्या फोनवर निमंत्रणही पाठवलं. वर पांढरं कबुतर, खाली मजकूर: "देवाने कुमुदचा आवाज परत दिल्याबद्दल उपकारस्तुतीची सभा, शनिवारी सायंकाळी पाच वाजता, सोसायटीचा हॉल, सुकापूर. भोजन आहे."

मी तडक तिच्या घरी गेले.

"देवाला तारीख देतेस?"

"तारीख कुठे दिली, बाई?" मी कॉलेजात शिकवत असे, म्हणून मला सगळे बाई म्हणतात. "जेवण सांगितलंय फक्त."

"आणि आवाज नाही आला तर?"

"असं म्हणायचं नाही," ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळे हसत नव्हते. "असं म्हटलं तर विश्वास कमी पडतो."

कळंबोलीच्या बाईंची शिकवण. मी सुशांतरावांकडे पाहिलं. त्यांनी तबल्याला पावडर लावायला घेतली.

जेवणाचं काम ताहिराने घेतलं होतं. ताहिरा खालच्या मजल्यावर राहते. मूळची उरणकडची, नवरा मस्कतला. तिच्या दिराची, यासीनची, बिर्याणीची देग आख्ख्या पनवेलमध्ये नावाजलेली. साठ-सत्तर माणसांची बिर्याणी सांगून ती मोकळी झाली होती आणि वर मलाच म्हणाली, "बाई, तुम्ही फिकर नका करू. मी पण दुआ करते रोज. दोन्हीकडून अर्ज गेलाय."

मंगळवारी मी कुमुदबरोबर गेले. सुशांतरावांना दवाखान्यात चक्कर येते, म्हणून ही कामं माझ्याकडे. डॉक्टर तरुण मुलगी होती, हाताने हळुवार आणि बोलायला सरळ. नाकातून बारीक दुर्बीण घातली, कुमुदला "ई" म्हणायला लावलं, पडदा आमच्याकडे वळवून दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या. उजवी हलत होती, डावी हलत नव्हती. कुमुदने तीनदा "ई" म्हटलं. डावी तिन्ही वेळा ढिम्म.

"काकू, ही आता हलणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बोलणं थोडं सुधारेल, त्याचे व्यायाम देते. गाणं नाही होणार."

"थोडंसंही?"

"नाही, काकू."

कुमुदने मान हलवली, डॉक्टरांचे आभार मानले, व्यायामाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. परतीच्या रिक्षात ती पर्स मांडीवर धरून बाहेर बघत राहिली. मला अशा वेळी बोलता येत नाही आणि जे बोलतात त्यांचा मला राग येतो.

घरी सुशांतरावांनी दार उघडलं. तिने नुसती मान हलवली. ते दारातच स्टुलावर बसले. कुमुद स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली. मी मागे उभी होते. खांदे गदगदा हलत होते, तोंड उघडं होतं, आणि आवाज काही नाही. रडायलाही तिला आवाज उरला नव्हता. मला देवाचा तेव्हा फार राग आला, हे इथे लिहून ठेवते. त्याला ते माहीत आहेच.

संध्याकाळी आमचे पाळक आले. स्वानंद त्यांचं नाव, तिशीतला मुलगा. अतिशय चांगला, फक्त घाबरतो फार. तो सोफ्याच्या कडेला बसून म्हणाला, "कुमुदमावशी, आपण शनिवारचं पुढे ढकलू या का? किंवा असं करू, उपकारस्तुती न म्हणता साधी प्रार्थनासभा म्हणू. लोकांना समजावून सांगता येईल."

"रद्द करा," मी म्हटलं. "सरळ रद्द. लोकांना सांगायचं, डॉक्टर नाही म्हणाल्या, घरी बसा. त्यात लाज कसली?"

कुमुदने आमच्या दोघांकडे पाहिलं. "सकाळी सांगते," म्हणाली.

सकाळी साडेसातला माझा फोन वाजला. तिने निमंत्रण गेलेल्या सगळ्यांना संदेश पाठवला होता, लिहून नव्हे, बोलून. तोच फाटका आवाज, पण पद्धत स्टँडवरची, एकेक शब्द सुटा.

"सर्वांनी कृपया लक्ष द्यावे. कुमुद आढाव हिचा आवाज परत आलेला नाही. तो येणार नाही. देवाने नाही म्हटलेले आहे. शनिवारची उपकारस्तुती मात्र रद्द झालेली नाही. ती ठरलेल्या वेळी सुटेल. बिर्याणी आहे. धन्यवाद."

मी ते दोनदा ऐकलं. पहिल्यांदा मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. दुसऱ्यांदा मी खुर्चीत एकटीच मोठ्याने हसले.

पाच मिनिटांत मी तिच्याकडे. ती चक्क पोहे करत होती.

"हे काय आहे?"

"तुम्ही खाणार का थोडे?"

"कुमुद, आभार कशाचे मानणार तू? आवाज गेल्याचे?"

"आवाज गेल्याचे कशाला मानू? मला वेड लागलंय का?" तिने शेंगदाणे तेलात टाकले. "बाई, रात्री मी देवाशी भांडले. अगदी वाईट भांडले. आणि भांडता भांडता माझ्या लक्षात आलं, मी भांडतेय कुणाशी? तो तिथेच बसलाय की. उठून गेलेला नाही. मी वर्षभर आवाजाकडे बघत होते, तो दिला तर तो चांगला, नाही दिला तर माझं काहीतरी चुकलं. परीक्षाच घेत बसले होते, त्याची पण आणि माझी पण. काल निकाल लागला, बरं झालं. आता परीक्षा संपली. आता नुसतं त्याच्याबरोबर बसता येईल."

"आणि विश्वास कमी पडला त्याचं काय?"

"त्याच्या स्वतःच्या मुलाने क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत गुडघ्यावर पडून, घामाने भिजून मागितलं, हे मरण टाळ म्हणून. त्यालाही नाहीच म्हणाला. त्या मुलाचा विश्वास कमी पडला म्हणून?" तिने पोह्यांवर झाकण ठेवलं. "मग मी कोण लागून गेले?"

मी पोहे खाल्ले. अशा वेळी दुसरं काय करणार?

शनिवारी पाचला हॉल भरला. निमंत्रण होतं साठ-सत्तर माणसांना, आली शंभराच्या वर. आवाज परत आला असता तर इतकी आली नसती. चांगली बातमी लोक फोनवर ऐकतात, पण नाही मिळालेल्या गोष्टीची उपकारस्तुती बघायला मात्र सोसायटीतले इतर लोकही आले. पहिल्या मजल्यावरचे कृष्णकांत जोशी सपत्नीक आले. त्यांना आमची गाणी जास्त मोठ्याने होतात अशी तक्रार असते. ते नेमके पुढच्या रांगेत बसले. कळंबोलीच्या बाईही आल्या, हातात मोठा डबा आणि चेहऱ्यावर सांत्वन घेऊन.

स्वानंदने प्रार्थना केली, चार शब्द बोलला, त्यात तीनदा "देवाची योजना" म्हणाला आणि कुमुदने डोळे वटारल्यावर थांबला. मग ती साक्ष द्यायला उभी राहिली. माईक दिला, तर माईकमधून नुसती हवा येऊ लागली. तिने तो बाजूला ठेवला. पंख्यांच्या घरघरीत तिचं काही ऐकू येईना. तेव्हा सुशांतराव उठले आणि हॉलमधले सहाही पंखे एकामागून एक बंद केले. शंभर माणसं घाम पुसत एकदम गप्प झाली. पनवेलचा उकाडा आणि पंखे बंद, तरी एकही जण उठला नाही. जोशीसुद्धा नाही.

"मी तीस वर्षं चौकशीच्या खिडकीवर बसले," ती म्हणाली. "लोक विचारायचे, गाडी आहे का? नसली तर मी सांगायचे, नाही. काहींना राग यायचा. पण थोड्या वेळाने तेच लोक पुन्हा यायचे आणि दुसरं काहीतरी मलाच विचारायचे. शेजारची खिडकी रिकामी असली तरी माझ्याकडेच यायचे. का? कारण शेजारी आमचे एक भाऊसाहेब बसायचे, ते सगळ्यांना सांगायचे, येईल, येईल. त्यांच्या येईलवर कुणी विश्वास ठेवत नसे. माझ्या नाहीवर ठेवायचे. म्हणून माझ्या आहेवरही ठेवायचे."

ती श्वास घ्यायला थांबली. तिला वाक्यागणिक थांबावं लागतं.

"मी वर्षभर मागितलं. त्याने ऐकलं. नाही म्हणाला. का, ते सांगितलेलं नाही. बदल्यात काय मिळालं, विचाराल, तर काही नाही मिळालं. कुणी मला उगाच शोधून देऊ नका. आवाज गेला, मला तो फार आवडायचा. पण जो मला नाही म्हणाला, त्याच्यावर माझा भरवसा आहे. काल होता त्यापेक्षा जास्त आहे. आज आभार त्याचे आहेत, आवाजाचे नाहीत. एवढंच."

ती बसली. कळंबोलीच्या बाई रुमालात तोंड खुपसून रडत होत्या. पुढे सरकून त्यांनी कुमुदचा हात धरला आणि म्हणाल्या, "ताई, मी चुकीचं बोलले होते."

"हो," कुमुद म्हणाली. "डब्यात काय आणलंय?"

"करंज्या."

"मग झालं."

आता गीत म्हणायचं होतं. स्वानंदने क्रमांक सांगितला. सुशांतरावांनी दोन थापा मारल्या. आणि मग काहीच झालं नाही. शंभर माणसं कुमुदकडे बघत राहिली, सवयीने. कुमुद समोर बघत राहिली. ही वेळ येणार हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गीत उचलणार कोण? सुशांतरावांनी पुन्हा दोन थापा मारल्या. पुन्हा शांतता. कुमुदच्या हनुवटीखालची जखमेची रेघ थरथरताना मला दिसली. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं.

तेव्हा सुशांतरावांनीच उचललं.

या माणसाला अडतीस वर्षांच्या संसारात कुणी एकट्याने गाताना ऐकलं नव्हतं. का, ते आता कळलं. पहिली ओळ त्यांनी इतक्या खालून उचलली की लोखंड बाजारात ट्रक मागे घेतायत असं वाटलं. तबला एकीकडे, ते दुसरीकडे. दुसऱ्या ओळीला त्यांनी वर जायचा प्रयत्न केला आणि तिथे जे झालं त्याला मराठीत शब्द नाही. पण ते थांबले नाहीत. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, आणि गडी गातोय.

कुमुद वळून त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती हसली म्हणून आम्ही हसलो आणि हसता हसताच त्यांच्या मागून गायला लागलो, त्या अशक्य खालच्या पट्टीत. बायकांना तिथे पोचता येईना, पुरुषांना तिथून वर येता येईना. ताहिरा दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. जोशींनी बायकोच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि तेही सामील झाले. त्यांचा आवाज चांगला निघाला, हे मान्य करायला हवं. कुमुद उठून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ताल धरू लागली, कोण पुढे पळतंय त्याला बोट दाखवून मागे खेचू लागली. आमच्या चर्चच्या इतिहासात इतकं बेसूर गीत झालेलं नाही. पाचही कडवी म्हटली. संपल्यावर लोकांनी शेवटचं कडवं पुन्हा मागितलं.

पंखे चालू झाले. बिर्याणी आली. यासीन स्वतः वाढायला उभा होता आणि ताहिरा त्याला ओरडत होती की बाईंना मऊ बोटी वाढ, दातांचा विचार कर. माझे दात मजबूत आहेत, पण मऊ बोटी मी घेतल्या.

जेवून झाल्यावर कुमुद माझ्या शेजारी येऊन बसली, हातात करंजी. दमलेली होती. पलीकडे सुशांतरावांना चार-पाच जण घेरून उभे होते आणि ते लाजून तबल्याच्या पिशवीची नाडी बांधत होते, सोडत होते, पुन्हा बांधत होते.

"काय गं," मी म्हटलं, "आता बुधवारी काय करायचं? अजून मागणार आहेस आवाज?"

"छे. सांगितलंय ना त्याने." तिने करंजी मोडली, अर्धी मला दिली. "पण बुधवारची सभा बंद करायची नाही. नवीन मागणं आहे."

"कसलं?"

ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "पुढच्या रविवारपासून गीत तेच उचलणार आहेत. मी सांगितलंय त्यांना, आणि ते हो म्हणालेत. तेव्हा आता सगळ्यांनी मिळून मागायचं, यांना थोडा सूर दे."

या मागण्याला काय उत्तर येणार हे मला बसल्या जागी दिसत होतं. तरी बुधवारी चारला जाणार आहे.